जे कुणी वाचणार नाही



मार्च महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामातील काही घरांचे घड्याळ बदलते. रात्री दोन वाजेपर्यंत एका खोलीत दिवा जळत असतो आणि सकाळी तोच मुलगा किंवा तीच मुलगी डोळे चोळत वसई रोड स्टेशनाकडे धावत असते. रविवारच्या मिस्सात गायनवृंदातला एखादा ओळखीचा आवाज कमी पडतो. चौकशी केली तर आई सांगते, "फादर, त्याचं लास्ट सेम आहे." एवढे सांगितले की झाले. लास्ट सेम आहे म्हणून तो समूहाच्या सभेला आला नाही, आजीला दवाखान्यात न्यायला मोकळा नव्हता, प्रायश्चित्तकाळातल्या क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला दिसला नाही. पूर्वी घरात कुणी अंथरुणाला खिळले की त्याला जशी सर्व कामांतून सूट मिळे, तशी ती आता या शेवटच्या सत्राला मिळते.

ज्यांच्या घरात हा पाहुणा अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी सहा सत्रांत विभागलेली असते. सहावे सत्र नाताळच्या आगेमागे सुरू होते आणि उन्हाळा तापला की त्याची परीक्षा येते. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत काय काय असते? हजेरीची 75 टक्क्यांची अट, ती न भरल्यास फलकावर लागणारी 'डिफॉल्टर' यादी, मागच्या सत्रातली राहून गेलेली एखादी केटी, नोकरीच्या मुलाखती, साडी डे, फेअरवेल. शिवाय बीएमएस, अकाउंटिंग-फायनान्स, बँकिंग-इन्शुरन्स अशा अभ्यासक्रमांच्या मुलांना ब्लॅक बुक. ब्लॅक बुक म्हणजे प्रकल्प. काळ्या जाड पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरांत विषय, मुलाचे नाव आणि कॉलेजचे नाव. आत सुरुवातीलाच एक प्रतिज्ञापत्र असते. हे काम माझे स्वतःचे आहे, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली विद्यार्थ्याची सही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नातेवाईक. लग्नात, बारशाला, अगदी दफनविधीनंतर चहा पितानाही एखादे काका विचारतात, "मग, आता पुढे काय?" मुलगा अजून इथे आहे, पण त्याला कुणी इथे राहू देत नाही. सगळे त्याला जूनमध्ये ढकलत असतात. शेवटचे सत्र ही राहण्याची जागा नाही, ती ओलांडायची जागा आहे, असे त्यालाही वाटू लागते. स्टेशनवरच्या पुलासारखी. पुलावर कुणी घर बांधत नाही.

आज मला या सत्राविषयीच एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तो मला आपल्याच एका मुलाने विचारला. ही गोष्ट पापनिवेदनात सांगितलेली नाही. ऑफिसात, टेबलाच्या पलीकडे बसून सांगितलेली आहे, आणि मी त्याला विचारूनच लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तेव्हा कुणी अंदाज बांधत बसू नये.

मार्चच्या एका संध्याकाळी तो आला. ब्लॅक बुक सादर करायला आठवडा उरला होता. विषय होता डिजिटल पेमेंट आणि ग्राहकांचे समाधान. सगळी प्रकरणे त्याने चॅटजीपीटीकडून लिहून घेतली होती. चौथ्या प्रकरणात सर्वेक्षण हवे होते, शंभर लोकांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरे मांडायची होती. तीही यंत्रानेच करून दिली. वय, व्यवसाय, समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही, अशी रंगीत वर्तुळे तयार झाली. त्या शंभर माणसांपैकी एकही जन्माला आलेला नव्हता.

"फादर, हे पाप आहे का?"

मी झटकन उत्तर दिले. आम्हा धर्मगुरूंना ही सवय असते. म्हटले, दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देणे ही चोरी आहे.

"पण चोरी कुणाची? आधीची मुलं स्टेशनजवळच्या दुकानातून तयार ब्लॅक बुक विकत घ्यायची, ते निदान कुणाचं तरी होतं. हे कुणाचंच नाही. मशीनचं काय गेलं?"

मी म्हटले, मग खोटेपणा आहे. प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहेस ना?

"सर वाचत नाहीत, फादर. किती मुलं, प्रत्येकाची ऐंशी-नव्वद पानं. ते अनुक्रमणिका बघतात, पानं चाळतात, सही करतात. मी लिहिलेलं नाही हे त्यांना माहीत असतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. मग फसवलं कुणाला?"

आता मला खुर्चीत नीट बसावे लागले. कारण मुलगा पळवाट शोधत नव्हता. पळवाट शोधणारा माझ्याकडे आलाच नसता. तो खरोखर विचारत होता, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होते. संत ऑगस्टीनने असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. असत्याबाबत तो अतिशय कडक, जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये असे म्हणणारा. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी तो थट्टामस्करीला असत्याच्या यादीतून वगळतो, कारण बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ऐकणाऱ्याला सारे कळत असते, फसवण्याचा हेतू नसतो. मग ज्या प्रतिज्ञापत्रावर लिहिणारा आणि घेणारा दोघांचाही विश्वास नाही, ते असत्य आहे की एक लांबलेली थट्टा?

थट्टा नाही, कारण तिसरा माणूस आहे. पदवीचा कागद पुढे कुणाच्या तरी हातात जातो. बँक, कंपनी, उद्याचा सासरा. त्याला या खाणाखुणा ठाऊक नसतात. त्याला वाटते, या मुलाने शंभर माणसांशी बोलून काहीतरी शोधून काढले. हे मी त्याला सांगितले. तो थोडा हसला. "ब्लॅक बुक कुठल्या इंटरव्ह्यूत कोण उघडून बघतं, फादर?"

म्हणजे प्रश्न पुन्हा जागच्या जागी आला. ज्यात कुणाचे नुकसान नाही, ज्याने कुणी फसत नाही आणि जे कुणी वाचणारसुद्धा नाही, ते प्रामाणिकपणे का लिहावे?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिडिया देशातल्या एका मेंढपाळाची कथा येते. भूकंपाने जमिनीला भेग पडते, तिथे त्याला एक अंगठी सापडते. अंगठीचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. पुढे तो काय करतो? राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो. ग्लाउकॉन विचारतो की अशी अंगठी मिळाल्यावर न्यायी माणूस आणि अन्यायी माणूस यांच्यात फरक उरेल का? सेमिनरीत हा भाग शिकताना आम्ही मुले हसायचो, कारण अशी अंगठी कुणाला मिळणार? आज ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे, आणि तिच्यासाठी जमीन दुभंगावी लागत नाही.

इथे मला स्वतःविषयी काही सांगितले पाहिजे. ते न सांगता या मुलाला उपदेश केला तर ते योग्य होणार नाही.

तत्त्वज्ञानाच्या शेवटच्या वर्षी आम्हाला एक छोटा प्रबंध लिहावा लागे. माझा विषय होता संत ऑगस्टीनचा काळाविषयीचा विचार, त्याच्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या अकराव्या भागातला. भूतकाळ आता नाही, भविष्यकाळ अजून नाही, आणि वर्तमान म्हणाल तर हातात धरेपर्यंत निसटतो. मग काळ आहे तरी कुठे? ऑगस्टीन तो मनात शोधतो: स्मरण, अवधान आणि अपेक्षा. मला विषय मनापासून आवडला होता. पण त्या सत्रात फुटबॉलचे सामने होते, वार्षिक नाटक होते, नंतर तापाने चार दिवस गेले. शेवटी दोन रात्री उरल्या. ग्रंथालयातल्या एका जुन्या नियतकालिकाच्या बांधीव खंडात मला हवे ते अडीच पानांत नेमके सापडले. मी ते उतरवून घेतले, काही शब्द बदलले, तळटीप दिली नाही.

आमचे प्राध्यापक, जे आता हयात नाहीत, प्रबंध खरोखर वाचत. आठवड्याने वही परत आली. सबंध प्रबंधात एकाच ठिकाणी समासात पेन्सिलीने लिहिले होते: चांगले. ते त्या अडीच पानांतल्या एका परिच्छेदासमोर होते.

मी त्यांना कधीच सांगितले नाही. पापनिवेदनात सांगितले, क्षमाही मिळाली, त्या क्षमेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी एक गोष्ट परत मिळाली नाही. त्या दोन रात्री मी स्वतः झगडलो असतो तर मला काय सुचले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित वेडेवाकडे काही. ते आता कधीच कळणार नाही. पुढे धर्मगुरू झाल्यावर मरणाच्या दारातल्या माणसांजवळ बसलो. "फादर, दिवस जात नाही आणि आयुष्य मात्र भुर्रकन गेलं," असे म्हणणारी म्हातारी माणसे भेटली. काळाविषयी बोलावे असे ते क्षण. अशा वेळी माझ्या मनात अजूनही तो उसना परिच्छेद येतो. माझे असे काही येत नाही. तिथे एक रिकामी जागा आहे, आणि ती माझ्याच हाताने रिकामी राहिलेली आहे.

संत थॉमस अक्वायनस एक साधा फरक सांगतो. तो मूळचा ॲरिस्टॉटलचा. काही कृती अशा की त्यांचे फळ बाहेर, वस्तूत उतरते. सुताराने चांगले टेबल केले की झाले, सुताराच्या मनात त्या वेळी काय होते याच्याशी टेबलाला कर्तव्य नाही. काही कृती मात्र करणाऱ्यातच राहतात आणि त्यालाच घडवतात. पाहणे, समजून घेणे, इच्छा धरणे या त्या जातीच्या. आता ब्लॅक बुक कुठल्या जातीचे? विद्यापीठाच्या दृष्टीने ते टेबल आहे. काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरे, इतकी पाने. टेबल यंत्राने केले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही, जर टेबलच हवे असेल तर. पण ज्या कामासाठी हे टेबल मागितले जाते ते काम करणाऱ्याच्या आतले आहे, आणि ते दुसऱ्याने करून देणे शक्यच नाही. तुमच्या वतीने मी जेवलो तर तुमचे पोट भरत नाही.

व्हॅटिकनने 28 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे संत थॉमसच्याच स्मरणदिनी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक टिपण प्रसिद्ध केले. 'अँटिक्वा एट नोव्हा' हे त्याचे नाव. त्यात शिक्षणाविषयी हीच काळजी आहे: अशी साधने मुलाला स्वतः उत्तरापर्यंत नेण्याऐवजी, स्वतः लिहायला लावण्याऐवजी, नुसती उत्तरे हातात ठेवतात. साधन वापरूच नये असे ते म्हणत नाही. मीही म्हणत नाही. ज्या मुलाचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले त्याने इंग्रजी वाक्य तपासून घेतले तर मला त्यात वावगे दिसत नाही. खरे सांगायचे तर मीही एकदा या यंत्राकडे प्रवचनाचे मुद्दे मागून पाहिले. मुद्दे वाईट नव्हते. त्यामुळेच मी थोडा घाबरलो.

इथपर्यंत वाचून एखादी आई म्हणेल, "फादर, हे सगळं ठीक, पण प्रामाणिकपणे लिहून मार्क कमी पडले तर?" प्रश्न योग्य आहे. प्रामाणिकपणाचे फळ शेवटी मिळतेच असे आपण मुलांना सांगतो. मी ते सांगणे सोडले आहे, कारण ते दर वेळी खरे नसते आणि मुलांना ते आपल्यापेक्षा आधी कळते.

संत जॉन हेन्री न्यूमनचे शेवटचे सत्र पाहा. 1820 साल, ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज, वय 19. चार वर्षांपूर्वी, 1816 मध्ये, वडिलांच्या बँकेने व्यवहार थांबवले होते आणि घराला उतरती कळा लागली होती. थोरल्या मुलावर सगळ्यांचे डोळे. परीक्षेआधीचे कितीतरी आठवडे तो दिवसाला सरासरी बारा तासांहून अधिक वाचत होता. आणि मग नोव्हेंबरमध्ये अपेक्षेपेक्षा एक दिवस आधीच त्याचे नाव पुकारले गेले. थकलेला जीव, मनाचा तोल गेला, उत्तरे सुचेनात. निकालात गणिताच्या मानकऱ्यांत त्याचे नाव नव्हतेच, आणि अभिजात भाषांत ते दुसऱ्या वर्गाच्या खालच्या भागात लागले. कॉलेजने ज्याच्यावर मोठी भिस्त ठेवली होती त्या मुलाची ही गत. घरी हे कळवणे त्याला सर्वांत जड गेले.

पुढे 1822 मध्ये ओरिएल कॉलेजने त्याला फेलो म्हणून निवडले. 1852 साली डब्लिनमध्ये त्याने विद्यापीठ म्हणजे काय यावर दिलेली व्याख्याने आजही वाचली जातात. 2019 मध्ये तो संत म्हणून घोषित झाला, आणि 1 नोव्हेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला ख्रिस्तसभेचा महापंडित म्हणून गौरवले. संत थॉमसबरोबर कॅथॉलिक शिक्षणाचा सहआश्रयदाताही केले. पण हे उदाहरण देताना मी जरा अडखळतो. "बघा, नापास होता होता वाचला आणि केवढा मोठा झाला," असे म्हणणे सोपे आहे. ज्यांचे नाव खालच्या वर्गात लागते त्यांतले बहुतेक पुढे संत होत नाहीत, फेलोही होत नाहीत. ते बोरिवलीला एखाद्या ऑफिसात लागतात आणि संध्याकाळच्या गाडीत उभे राहून घरी येतात. मला न्यूमनचे पुढचे वैभव सांगायचे नाही. मला ते नोव्हेंबर सांगायचे आहे, जेव्हा पुढचे काहीच ठाऊक नव्हते. मुलगा हरला होता आणि खोटा नव्हता. त्याला आपल्या आईबापांना जे लिहायचे होते ते वाईट होते, पण खरे होते.

दुसरी एक व्यक्ती सीमोन वेल. फ्रान्समधली ज्यू घराण्यातली तत्त्वज्ञानाची शिक्षिका. 1943 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली. ख्रिस्तावर जीव जडलेला, तरी ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावरच थांबलेली. 1942 साली तिने शाळेतल्या अभ्यासावर एक छोटा निबंध लिहिला. भूमितीचे उदाहरण तासभर झगडूनही सुटले नाही तरी तो तास वाया जात नाही, असा तिचा दावा आहे. कारण त्या तासात अवधान वाढते, आणि हेच अवधान प्रार्थनेत लागते. तिथेच न थांबता ती म्हणते की दुःखी शेजाऱ्याकडे पाहायलाही हेच लागते. तुला काय होते आहे, असे विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबता येणे. ही माणसाची दुर्मीळ शक्ती आहे, आणि ती वहीतल्या गणितावर कमावता येते. पूर्वी मला हे थोडे ओढूनताणून वाटायचे. पण त्या मुलाची ती शंभर न जन्मलेली माणसे ऐकल्यावर मला वेलबाईंचा मुद्दा कळला. सर्वेक्षण म्हणजे शेवटी काय? दुसऱ्याला प्रश्न विचारायचा आणि तो काय सांगतो ते ऐकायचे. ते यंत्राकडून करून घेतले की आपण माणसांना न भेटताच त्यांची उत्तरे ठरवून टाकतो.

पालकांनो, इथे एक शब्द तुमच्याशी. मुलगा म्हणतो, कुणी वाचत नाही. त्या 'कुणी'मध्ये आपणही आहोत. ज्यांच्या घरातून गेल्या काही वर्षांत मुले पदवीधर झाली त्यांच्या कपाटावर ते काळे पुस्तक असेल. वर सोनेरी अक्षरे आहेत म्हणून ते रद्दीत गेलेले नाही. त्यातले एक तरी पान आपण वाचले आहे का? इंग्रजी येत नाही, हे कारण मी ऐकले आहे. मग मुलाला एवढे तरी विचारले का, "बाळा, तू यात काय शोधलंस ते मला सांग"? आपण किती पडले ते विचारतो. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हा घराघरांत मुले कशी सैरभैर झाली होती ते तुम्हाला आठवत असेल. आकडा कळेपर्यंत तीन वर्षे घडलीच नाहीत असे वाटत होते. हे त्यांना आपणच शिकवले आहे.

त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. मी त्याला सगळे पुस्तक पुन्हा लिही असे म्हटले नाही. आठवड्यात ते शक्य नव्हते आणि परीक्षा डोक्यावर होती. म्हटले, चौथे प्रकरण तरी खरे कर. शंभर माणसे नकोत, जितकी भेटतील तितकी.

चार दिवसांत त्याला सदतीस भेटली. काही रविवारच्या मिस्सानंतर आपल्याच आवारात, काही बाजारात. एका पहाटे तो आईबरोबर दादरच्या फुलबाजारात गेला. त्याची आई कितीतरी वर्षे मोगरा आणि चाफा घेऊन जाते, हा मात्र शाळेत असताना दोनदाच गेला होता. यूपीआय 2016 पासून आले, आता गजरेवालीच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकलेला असतो, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याने प्रत्येकीला एक जादा प्रश्न विचारला: कोडवर नाव कुणाचं? कितीतरी जणींच्या कोडवर नवऱ्याचे नाव होते, नाहीतर मुलाचे. विकते बाई, पैसे जातात दुसऱ्याच्या खात्यात. दिवसाला किती जमले ते तिला संध्याकाळी घरी विचारावे लागते, आणि विचारायचे की नाही हे घरातल्या हवामानावर अवलंबून. हे लिहून घेताना त्याला आठवले की त्याच्या आईच्या टोपलीवरचा कोड त्याच्या स्वतःच्या खात्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानेच तो काढून दिला होता. यंत्राने केलेल्या पहिल्या प्रकरणातल्या शंभर माणसांत त्याची आई नव्हती.

नवीन प्रकरण सर्वार्थाने चांगले आहे असे नाही. इंग्रजी कच्चे आहे, एका कोष्टकाची बेरीज चुकलेली आहे, निष्कर्ष घाईत लिहिलेले आहेत. बाकीची प्रकरणे यंत्राचीच राहिली. ऋणनिर्देशात त्याने तसे एका ओळीत लिहिले. मार्गदर्शक सरांना स्वतः जाऊन सांगितलेही. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चौथं तुझं आहे ना? मग व्हायव्हात मी त्यावरच विचारीन. पण ही ओळ काढ, नाहीतर वर्गातल्या सगळ्यांबद्दल मलाच जाब द्यावा लागेल." त्याने ओळ काढली, प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि मला येऊन सांगितले. मी त्याला रागावलो नाही. रागवायला हवे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. एकीकडे वाटते, अर्धे खरे म्हणजे खोटेच. दुसरीकडे माझी अडीच पाने आठवतात, आणि मी तर कुणाला सांगितलेही नव्हते.

व्हायव्हा पाच-सहा मिनिटे चालली. सरांनी कबूल केल्याप्रमाणे चौथ्या प्रकरणावर प्रश्न विचारला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोडवरच्या नावांविषयी दोन प्रश्न विचारले आणि त्यांतल्या एकाचे उत्तर त्याला आले नाही. घरी आईच्या नावाचे खाते फोनला जोडायचे काम चालू आहे. बँकेत आधारवरची स्पेलिंग जुळत नाही म्हणून दोन खेपा झाल्या. निकाल अजून लागायचा आहे.

त्याने एक जास्तीची प्रत काढून माझ्या ऑफिसात ठेवली आहे. मी ती पूर्ण वाचली. यंत्राची प्रकरणे गुळगुळीत आहेत, वाचून काही हाती लागत नाही. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी 'इतर शेरे' असा एक रकाना आहे. सबंध इंग्रजी पुस्तकात तिथे एकच ओळ मराठीत आहे, कारण तिचे इंग्रजी करणे त्याला जमले नाही, की करावेसे वाटले नाही, मी विचारले नाही. दादरच्या एका फुलवालीने त्याला उलट विचारले होते, "बाला, हे समदं लिवून तू आमचं काय करनार?"

खाली त्याने कंसात लिहिले आहे: उत्तर दिले नाही, आईची गाडी सुटत होती.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू